छापलंय तसंच

राजापेठ, अमरावती
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आई,
सविनय जयभीम.

मी बरी आहे. खोलीखाली ट्यूशन क्लास आहे, सकाळी सहालाच गाड्यांची गर्दी सुरू होते. तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही ते सांगायचं टाळता.

प्रबंध लिहून झाला. राहिली होती फक्त संदर्भसूची. कोणाचं आडनाव आधी, साल कुठे, स्वल्पविराम कुठे. दोनशे बारा नोंदी. "एवढ्यासाठी तीन महिने अकोला सोडून कावून राह्यली?" असं तुम्ही विचारलंत. कारण त्यातल्या एकाच नोंदीत होतं.

कापसाच्या जिनिंगमधल्या बायांवरचा माझा लेख आठवतो ना? मैनाबाईंकडे तुम्हीच मला नेलं होतं. तुमच्या ओळखीमुळे त्या बोलल्या. लेख मासिकाकडे पाठवायचं काम मी तुमच्या लेकाला, शेखरना दिलं. छापून आला तेव्हा आधी त्यांचं नाव होतं, मग माझं. मी विचारलं, तर म्हणाले, "घरातच तं राह्यलं. मले प्रमोशनले कामी येते, तुले काय फरक पडते?"

मी स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी पोळ्या करपल्या, तुम्ही तशाच खाल्ल्यात.

पुढे सूची करताना माझ्या मार्गदर्शक नीलम मॅडमना विचारलं, ही नोंद कशी लिहू? त्या म्हणाल्या, "छापलंय तसंच. नियम तोच आहे." मग मी माझ्याच हातानं टाइप केलं: खंडारे, शेखर, आणि खंडारे, पौर्णिमा. दोन वर्षं दारोदार मी फिरले होते. त्याच आठवड्यात बॅग भरून इकडे आले.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "कोन्या जळक्यानं माह्या पोराचं प्रमोशन अडवलं." मी हो ला हो केलं.

आई, ती तक्रार माझी होती. संपादकांना मी पत्र लिहिलं, मुलाखतींच्या वह्या पाठवल्या. त्यांनी शेखरकडे खुलासा मागितला. मुलाखती दिलेल्या बायांपैकी एकीचंही नाव शेखरना सांगता आलं नाही. या अंकात दुरुस्ती छापून आली. लेख आता माझ्या एकटीच्या नावावर आहे.

त्याचा मला पश्चात्ताप नाही. तुमच्याशी खोटं बोलले, त्याचा आहे.

काल शेखरना सांगितलं, की हे सगळं मी तुम्हाला कळवणार आहे. ते एवढंच म्हणाले, "आईले सांगू नको." फोनवर तुम्ही रडाल नि मी शब्द मागे घेईन, म्हणून लिहिलं.

रविवारी सकाळच्या एसटीनं येते, शेखर घरी असताना. लेख सोबत आणते. तो पूर्ण वाचा. मग जे म्हणाल, ते समोर बसून ऐकीन.

अजून तुमची सून,
पौर्णिमा