गाजराच्या चित्राची बाटली

मंगळवार, संध्याकाळ

ती गाजराच्या चित्राची बाटली अजून ओट्यावरच आहे. फेकवत नाही.

बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाल्यापासून आई इतवारीच्या बाजारातून आणलेल्या या व्हिटॅमिनच्या गोळ्या त्यांना रोज देत होती. आज डॉक्टरांना दाखवल्या, तर म्हणाले, लगेच बंद करा. वर्षानुवर्षं बिड्या ओढलेल्या माणसाला यातलं एवढं जास्त बीटा-कॅरोटीन, गाजरात असतं तेच, उलट बाधू शकतं. गाजर खुशाल खाऊ द्या, गोळी नको.

घरी आल्यावर आईने बाटली पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली. मग ओट्याशी उभी राहून मला म्हणाली, "मीच त्याईले जहर देऊन राहिली होती का वं?" आजार आधीचाच आहे, या गोळ्यांनी झाला नाही, असं मी समजावलं. पटलं का तिला? जेवायला काही बसेना.

तेवढ्यात बाबा खोकत बाहेर आले. "मी कुठं खाल्ल्या वं त्या गोळ्या? रोज तुळशीच्या कुंडीत टाकत होतो!"

आई अशी भडकली! तुळशीत? नाही नाही ते बोलली. आणि मग जेवली, पोटभर.

बाबा मात्र साफ खोटं बोलले. रोज गोळी गिळली की लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून मला दाखवायचे.