ग्रिमस्टोकचा पाहुणचार

मार्सडेल,
सोमवार, संध्याकाळ

तीर्थरूप रोलंडमामांना हेदरचा नमस्कार. (वाकून केलेला नाही. शनिवारपासून माझी कंबर वाकत नाहीये, त्याचं कारण पुढे येईलच.) मामींचा खांदा आता कसा आहे? त्यांनी पाठवलेला लिंबाचा मुरंबा बाबांनी चार दिवसांत संपवला आणि बरणी लखलखीत धुऊन खिडकीत ठेवली आहे. परत पाठवण्यासाठी नव्हे, भरून कशी मागवावी याचा विचार चालू आहे म्हणून. बाबांचा नवा खुबा ठीक आहे. ‘हा खुबा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल,’ असं शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. बाबा ते वाक्य पोस्टमनलासुद्धा ऐकवतात.

तुमचं पत्र पोचलं. एकवीस तारखेला आमचा फुटबॉल संघ तुमच्या सेलहेवनला येतोय, तर बाबांनी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसावं, मामींना थंडी सोसत नाही म्हणून ती रिकामीच असते, असं तुम्ही लिहिलंत. गादीची खुर्ची, डोक्यावर छप्पर, मध्यंतराला कपबशीतून चहा! मी त्याच दिवशी होकार कळवणार होते. पण तुमचे मेहुणे तुम्हाला माहीत आहेत. चौतीस वर्षं ते सेलहेवनला पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांच्या गॅलरीतच उभे राहिले आहेत, आपल्या माणसांबरोबर. तिथली तिकिटं आम्हाला जेमतेम चारशे मिळतात. आजवर परगावचे किती सामने पाहिले त्याचे गुण मोजून ती वाटतात. बाबांचं एक तिकीट आलेलंही आहे, फ्रिजवर चुंबकाखाली लावलंय. शेवटी आमचा करार झाला. आधी ग्रिमस्टोकचा सामना होता. मी बरोबर जायचं आणि डोळ्यांनी बघायचं. बाबांनी तो दिवस धडपणे पार पाडला तर सेलहेवनलाही ते गॅलरीत उभे राहतील. नाही जमलं तर मुकाट्यानं तुमच्या गादीवर बसतील. निकाल माझा, तक्रार चालणार नाही. बाबांनी माझा हात हातात घेऊन कबूल केलं. तेव्हा या पत्रात जे काही येईल ते पुरावा म्हणून वाचा.

आता ग्रिमस्टोक. मामा, एखाद्या गावाला पाहुणे आवडत नसतील तर त्यांनी तसं सरळ सांगावं. वेशीवर पाटी लावावी. हे लोक आधी पैसे घेतात आणि मग आपल्याला कळेल अशी व्यवस्था करतात. मी दीड महिना आधी रेल्वेची स्वस्त तिकिटं काढून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. सामना दुपारी तीनचा. मग टीव्हीवाल्यांना साडेबाराला दाखवायला काहीतरी हवं झालं (त्या वेळी लोक जेवतात हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही) आणि सामना साडेबाराला आला. स्वस्त तिकीट ज्या गाडीचं त्याच गाडीला चालतं. रेल्वेच्या खिडकीतल्या माणसाला मी विचारलं, सामना हलला यात आमचा काय दोष? तो म्हणाला, ‘बाई, गाडी तर हलली नाही ना?’ नवी तिकिटं माणशी चौसष्ट पौंड. एवढ्यात मी ग्रीसला जाऊन येते, आणि तिथे ऊन असतं. शिवाय अर्ध्या वाटेवर रुळांची दुरुस्ती निघाली. पुढचा प्रवास गाडीऐवजी बसनं. त्या बसची ऊब फक्त एकाच सीटखालून येत होती. त्या सीटवर बसलेल्या गृहस्थांनी आधी कोट काढला, मग स्वेटर, मग आम्ही सगळ्यांनी नजर बाहेर वळवली.

सामन्याचं तिकीट बत्तीस पौंड. पलीकडच्या बाजूला, त्याच उंचीवर बसणाऱ्या गावकऱ्यांना बावीस. मी हे जरा मोठ्यानं म्हटलं तर बाबा म्हणाले, ‘हळू. ते आपल्याकडे आले की आपणही तेच करतो.’ ही समजूत घालण्याची कुठली पद्धत? चोर चोराला ओळखतो म्हणून चोरी स्वस्त होत नाही.

दारावर झडती. पिवळ्या जाकिटातल्या मुलीनं माझी पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं, झाकण पिंपात टाकलं आणि उघडी बाटली माझ्या हातात दिली. झाकण मैदानावर फेकता येतं म्हणे. भरलेली बाटली फेकता येत नाही असा त्यांचा अनुभव असावा. त्यानंतर कितीतरी वेळ मी ती बाटली देवळातल्या समईसारखी सरळ धरून उभी होते. बाबांच्या खिशात सफरचंद निघालं. तेही शस्त्र. खा नाहीतर टाका. बाबांनी आयुष्यात अन्न टाकलेलं नाही. त्यांनी तिथेच, वाऱ्यात, खोट्या दातांनी ते खायला सुरुवात केली. मी दातांच्या दवाखान्यात काम करते, मला माहीत आहे की त्या कवळीला एका सफरचंदाला बारा मिनिटं लागतात. मागे रांग वाढत गेली. मुलगी म्हणाली, ‘आजोबा, जाऊ द्या, घेऊन जा आत.’ बाबा म्हणाले, ‘नाही, नाही, नियम म्हणजे नियम.’ आणि बियांपर्यंत आले. (याचे गुण मी कापलेले नाहीत. उलट दिले.)

आत गेल्यावर आमच्या जागा सापडल्या आणि आमच्यासमोरचा खांबही. लोखंडी, हिरवा, माझ्या दोन्ही बाहूंत मावणार नाही एवढा. तिकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं की दृश्यात थोडा अडथळा संभवतो. थोडा! एक गोल पूर्णपणे खांबामागे होता, गोलरक्षकासकट. तो दिवसभर तिथे होता की नाही हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. तरी खुर्ची आहे या आनंदात मी बसले. बसल्यावर मला एका अनोळखी माणसाच्या पाटलोणीचा मागचा भाग दिसू लागला, बाकी काही नाही. कारण तिथे कुणीच बसत नाही, मामा. खुर्च्या आहेत, त्यांना नंबर आहेत, त्यांचे पैसे घेतले आहेत आणि आठशे माणसं त्यांच्यापुढे उभी आहेत. आमच्या दवाखान्यात आम्ही लोकांना दुखवतो, पण खुर्ची देऊन दुखवतो. मी पुढच्या माणसाच्या पाठीवर टिचकी मारून म्हटलं, माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालंय, जरा बसता का? त्यानं माणुसकीनं विचार केला आणि विचारलं, ‘बसू? सामना चालू असताना?’

माझ्या डावीकडे बर्निस नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. त्या आणि बाबा गेली वीस वर्षं दर दोन आठवड्यांनी एकमेकांशेजारी उभे राहतात. तरी त्यांचं आडनाव काय हे बाबांना ठाऊक नाही. बर्निसबाईंनी माझ्या बाटलीकडे पाहिलं, मोज्यातून एक झाकण काढलं आणि माझ्या बाटलीला लावून दिलं. (त्या चार झाकणं घेऊन फिरतात, वेगवेगळ्या मापांची.) मग म्हणाल्या, ‘बसायचंय का तुला, पोरी? घरी सोफा नाहीये का?’ आणि बाबांना म्हणाल्या, ‘विल्फ, ही तुझीच ना रे? मग अशी कशी?’ बाबा म्हणाले, ‘आईवर गेलीय. पण तपासणी अधिकारी म्हणून आलीय, जपून बोल.’

बायकांच्या स्वच्छतागृहाबद्दल मी तुम्हाला लिहिणार नव्हते, पण पुरावा तो पुरावा. ते एकच आहे. त्याला कुलूप होतं. किल्ली एका माणसाकडे होती, तो माणूस पलीकडच्या गॅलरीत होता. किल्ली आली तेव्हा आतून रस्त्यावर लावायचे केशरी शंकू निघाले, साठ-सत्तर. एका कारकुनी आवाजात मला सांगण्यात आलं की पाहुण्यांत बायका सहसा नसतात. बर्निसबाई माझ्यामागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मी एकोणीसशे एकोणऐंशीपासून नसते.’ आणि शंकू बाहेर मांडायला लागल्या. मांसाचं सारण भरलेली पाई साडेपाच पौंडांना होती. वरून तोंड भाजलं, मध्ये ती गोठलेली होती. अशी वस्तू बनवायला कसब लागतं, ते मी नाकारत नाही.

खेळाचं सांगायचं तर मध्यंतरापर्यंत ग्रिमस्टोकचे तीन गोल झाले होते आणि नंतर चौथा. (पहिले दोन खांबामागे झाले. मला ते गावकऱ्यांच्या ओरडण्यावरून कळले.) तिरका पाऊस सुरू झाला होता. आमच्या छपराला मध्ये एक फट आहे, ती बहुधा पाहुण्यांसाठीच ठेवलेली. मी बाबांकडे पाहत होते, खेळाकडे नाही. ते डाव्या पायावर भार घेत होते. सत्तराव्या मिनिटाला त्यांनी कठड्याला धरलं. मी वहीत तशी नोंद केली. आणि याच वेळी आठशे ओल्या, फसवल्या गेलेल्या, चार गोलांनी हरत असलेल्या माणसांनी गायला सुरुवात केली की आम्ही तुमच्या गावात दर आठवड्याला येऊ, तुमची पाई फार छान आहे. काय करायचं या लोकांचं?

मग शेवटच्या मिनिटाला आमचा एक गोल झाला. एक. चारास एक. ज्यानं मारला त्यालाही जरा लाज वाटली असावी. पण आमची गॅलरी! जग जिंकल्यासारखी सगळी एकदम पुढे कोसळली. कुणीतरी मला उचललं, कुणाची तरी पाई माझ्या कॉलरमध्ये गेली (कंबर गेली ती इथेच), आणि मी वळून पाहिलं तर बाबा नव्हते. त्यांची जागा रिकामी होती. मामा, ते चार-पाच क्षण मी सांगू शकत नाही. मला फक्त एवढंच आठवतं की मी त्यांना ‘बाबा’ अशी हाक मारत नव्हते, ‘विल्फ! विल्फ!’ असं आईसारखं ओरडत होते. ते दोन रांगा खाली होते. तीन माणसांच्या हातांवर आडवे, खाटेवर निजल्यासारखे, चष्मा एका कानाला लटकलेला, नडगीतून रक्त. आणि हसत होते. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ‘टिकला!’ ते मला खालून ओरडून सांगत होते. खुब्याबद्दल.

सामन्यानंतर आम्हाला पंचवीस मिनिटं आतच कोंडून ठेवलं, गावकऱ्यांना आमच्यापासून धोका नको म्हणून. मग घोड्यांवरच्या पोलिसांनी स्टेशनापर्यंत चालवत नेलं, वाटेतलं प्रत्येक चहाचं दुकान चुकवून. त्यांतला एक घोडा लीद टाकायला चार वेळा थांबला आणि चारही वेळा आमच्याचपुढे. बाबा लंगडत होते, माझ्या दंडाला धरून, आणि ते लपवण्यासाठी मला घोड्यांच्या जातींबद्दल सांगत होते.

तेव्हा निकाल असा. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसानं खुर्चीचे पैसे देऊन उभं राहायचं, छप्पर असून भिजायचं, हरायचं आणि एका गोलासाठी परक्यांच्या हातांत पडायचं, याला मी परवानगी देऊ शकत नाही. बाबा नापास. एकवीस तारखेला ते तुमच्याशेजारी बसतील. हे मी त्यांना गाडीतच सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तुमच्या आमंत्रणाबद्दल मनापासून आभार. त्यांच्या गुडघ्यांवर काहीतरी पांघरायला द्या, पण तुम्हीच घ्या म्हणून देऊ नका, विसरल्यासारखं ठेवा. (माझा घसा बसला आहे तो पावसामुळे, फोनवर बोललो तर गैरसमज नको.)

तुमची भाची,
हेदर

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. फ्रिजवरचं तिकीट परत घेत नाहीत. चोवीस पौंडांची वस्तू वाया घालवणं आईला आवडलं नसतं. म्हणून एकवीसला त्या तिकिटावर मी जाणार आहे. गुण बाबांच्याच नावावर चढतील, त्यांचं नुकसान काहीच नाही. मी आधीच बर्निसबाईंच्या बसमध्ये जागा सांगून ठेवली आहे. कधी, ते विचारू नका. (शनिवारी, घोड्यांच्या मागे चालताना.)

ता. क. दुसरा. हे बाबांना सांगायचं धाडस मला आज दुपारी झालं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, ‘पेपर तपासणारीनंच माझी जागा घेतली! चाळीस वर्षं गिरणीत काढली, पण असा न्याय तिथेही पाहिला नाही.’ नंतर उठून त्यांनी विजेच्या बिलाच्या पाकिटावर मला सेलहेवनची गॅलरी काढून दिली. दारातून आत गेलं की डावीकडे, तिसरी पायरी. समुद्राचा वारा तिथे लागत नाही. मागच्या खांबाला पाठ टेकता येते. तिथे ते आणि आणखी तिघं उभे राहत. त्या तिघांची नावं त्यांनी लिहिली आणि दोघांच्या नावांवर काट मारली. स्वतःचं नाव लिहिलं आणि शेजारी माझं. स्वतःच्या नावावर काट मारायला पेन टेकवलं, आणि मग पेनाचं टोपण लावलं.

ता. क. शेवटचा, आणि मामा, खरं तर पत्र यासाठीच. तुमची समुद्रपक्षी बघायची दुर्बीण त्या दिवशी बरोबर आणाल का? बाबा म्हणतात, तुमच्या गादीवरून खेळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण पाहुण्यांची गॅलरी मैदानाच्या पार पलीकडे आहे. त्यांना तिसरी पायरी बघायची आहे.