खातं सचिनच्या नावावर

६ ऑक्टोबर, सोमवार
सचिनला घरातून जाऊन आज एकोणतीस दिवस. सकाळी फोन उघडला तर खातं बंद. ‘जाहिरात धोरणाचं उल्लंघन. आपलं खातं निलंबित करण्यात आलं आहे.’ दोनदा वाचलं. चहा तसाच राहिला.

कार्ला गावच्या मळ्यातल्या आमच्या दोन खोल्या शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो. त्यांच्या जाहिराती सचिन याच खात्यावरून करायचा. त्याची गाडी मळवली स्टेशनबाहेर सापडली, तेव्हा मीच त्या खात्यावर त्याचा फोटो टाकला. ‘यांना कुठे पाहिलंत का?’ दोन आठवडे चालू होती जाहिरात. फालतू निरोपच जास्त. आणि काल संध्याकाळी पहिल्यांदा नीट एक. शैला नावाची बाई, सांगलीकडे खानावळ आहे म्हणाली. ‘ताई, असाच माणूस तीन दिवस जेवायला येतोय. कुणाशी बोलत नाही. उद्या फोटो काढून पाठवते.’ मी लगेच नंबर मागितला. उत्तर आलं असेल तर ते आत आहे. मी बाहेर.

काय चुकलं तेही लिहिलंय त्यांनी. मी लिहिलं होतं की डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, बरोबर नेलेल्या नाहीत. कुणाच्या आजाराबद्दल जाहिरातीत लिहायचं नाही. लोकांनी त्याच्याशी सांभाळून बोलावं एवढंच मनात होतं.

७ ऑक्टो., मंगळ
अपील भरलं. पुढच्या पानावर: ‘खातेधारकाने चेहरा कॅमेऱ्यासमोर धरावा. डावीकडे वळवावा. उजवीकडे वळवावा.’

हसूच आलं. तो चेहरा असता तर…

संध्याकाळी दत्ताभाऊजी तळेगावहून ड्यूटी करून आले. सचिनचे धाकटे भाऊ. म्हणाले, “वहिनी, मी बसतो की. आमी दोगं सारखंच दिसतो.” नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्यांनी दाढी केली, भांग सचिनसारखा पाडला, मी कपाटातून त्याचा निळा चौकटीचा शर्ट काढून दिला. खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. आई शेतावरून आल्या, दारातच थांबल्या.

“सच्या?”

भाऊजी वळले. आई खाली बसल्या, उंबऱ्यावरच. शर्ट काढला भाऊजींनी लगेच. पण तोवर चेहरा देऊन झाला होता. ‘ओळख जुळत नाही. फसवणुकीचा प्रयत्न नोंदवला आहे.’

आई रात्री जेवल्या नाहीत. माझी चूक. दोन्हीकडे.

९ ऑक्टो., गुरु
शाळेतून अर्धी रजा. पोलीस ठाण्यात. आमची तक्रार ज्यांच्याकडे आहे त्या हवालदार मॅडम चांगल्या आहेत, पण टेबलावर फायलींचा ढीग. मी शैलाबद्दल सांगितलं. “आडनाव? गाव? नंबर?” काहीच नाही माझ्याकडे. सांगलीकडच्या ठाण्यांना कळवते म्हणाल्या. मग परत तेच प्रश्न. भांडण झालं होतं का. मूलबाळ? नाही. कर्ज? नाही. बाई वगैरे? नाही हो. मग का गेले?

ते मलाही सांगून गेला नाही, असं मी म्हणाले. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

भांडण झालं नव्हतं हे खरंय. गेला त्या रविवारी पाहुण्यांचा नाश्ता त्यानेच केला. पोहे. मग गॅस सिलिंडरचं बघून येतो म्हणाला.

११ ऑक्टो., शनि
आज कंपनीच्या चॅटवर माणूस मिळाला. किंवा माणसासारखं काहीतरी. नाव किरण.

मी सगळं लिहिलं. माझा नवरा बेपत्ता आहे, खातं त्याचं आहे, मला फक्त इनबॉक्स उघडून हवाय, एका बाईचा एक निरोप बघायचाय. किरण: ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खातेधारकाने स्वतः ओळख पटवावी.’ तो नाहीये. ‘खातेधारक हयात नसल्यास वारसाने मृत्यूचा दाखला जोडावा.’ तो मेलेला नाही. ‘तर कृपया त्यांना लॉगिन करायला सांगावे.’

पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. शेवटी किरणनेच विचारलं, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का.

१३ ऑक्टो., सोम
लिहू की नको. लिहितेच.

भाऊजींना किरणचं सांगितलं होतं. आज म्हणाले, त्यांच्या तळेगावच्या कंपनीतल्या एकाच्या ओळखीचा माणूस आहे, दाखला करून देतो. हुबेहूब. “कुटं दाखवायचा न्हाई वहिनी. फकस्त त्यांना पाठवायचा. निरोप बघितला की फाडून टाकू.”

मी हो म्हणाले. मोबाइलवर वारसाचा फॉर्म उघडला. मृताचे नाव, सचिन. अर्जदाराचे नाते, पत्नी. मृत्यूची तारीख. तिथे कॅलेंडर उघडलं आणि आपोआप आजची तारीख निळी झाली. बोट ठेवायचं फक्त.

आई स्वयंपाकघरात होत्या. सगळं ऐकलं होतं. बाहेर आल्या त्या थेट भाऊजींसमोर. “जित्या मानसाचा दाखला काढतो? भाऊ हाय ना रं तुजा?” भाऊजी म्हणाले, “आई, सापडावा म्हनूनच करतोय. नुसता कागुद हाय.” “कागुद असला म्हनून काय झालं. माज्या घरात यायचा न्हाई.” मग माझ्याकडे बघून, आवाज उतरवून, “मनीषा, तू बी?”

फॉर्म बंद केला. भाऊजी न जेवता गेले. त्यांचं काय चुकलं, तेही सात रविवार स्टेशनं पालथी घालतायत.

…सात नाही, पाच. मला आता दिवस नीट मोजता येत नाहीत.

१८ ऑक्टो., शनि
शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. भाऊजी आणि मी सांगलीला. आईंनी दशम्या बांधून दिल्या, तिघांच्या. मी पिशवीत घातल्या.

स्टँडजवळच्या खानावळी, मग बाजाराजवळच्या, मग साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या. हातात छापलेले फोटो. शैला दोन भेटल्या. एक सत्तरीची, तिच्याकडे साधा फोन. दुसरी म्हणाली तिने असा कुणाला निरोप केलेला नाही. एका पानवाल्याने फोटो बघून ‘हो हो, इथेच असतो’ म्हटलं. मग भाऊजींनी मुद्दाम मोबाइलमधला त्यांच्या साहेबांचा फोटो दाखवला, तर तोही म्हणे इथेच असतो.

येताना बसमध्ये, साताऱ्याच्या पुढे भाऊजी म्हणाले, “वहिनी, ती बाई खोटी असंल तर?” मीही तोच विचार करत होते. दशम्या उरल्या.

२२ ऑक्टो., पाडवा
दोन्ही खोल्या भरल्यात. मुंबईचे जुने पाहुणे. “सर दिसत नाहीत?” बाहेरगावी गेलेत म्हटलं.

ओवाळणीचं ताट काढलं नाही.

२७ ऑक्टो., सोम
हवालदार मॅडमचा फोन, मुद्दाम बोलावलं होतं. पुण्याच्या सायबरवाल्यांशी बोलल्या. अजून एक रस्ता आहे. खात्याचा ताबा मागायची विनंती करायची. ती आधी खातेधारकाकडे जाते, सात दिवसांत त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर कंपनी अर्जदाराची कागदपत्रं तपासते. सोबत ठाण्याचं पत्र जोडायचं. पत्र त्यांनी तयारच ठेवलं होतं, सहीशिक्क्यासह. “उत्तर काही येणार नाही. फोन बंदच आहे त्यांचा. तुम्ही सात दिवस शांत बसा, मग होईल.”

विनंती तिथेच बसून पाठवली. बाहेर आल्यावर पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. वडापाव खाल्ला.

३० ऑक्टो., गुरु
सुट्टीतही शाळेत जाऊन निकालपत्रकं भरत होते. अकरा चाळीसला फोन वाजला.

‘खातेधारकाने आपली विनंती नाकारली आहे.’

एवढंच.

शाईचं पेन तसंच कागदावर राहिलं, चौथीतल्या कुणाच्या तरी गणिताच्या रकान्यात डाग पडला. मोठ्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, नाही म्हणाला.

३१ ऑक्टो., शुक्र
ठाण्यात. मॅडमनी मेसेज तीनदा वाचला. सायबरवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, कुणाच्या तरी हातात ते लॉगिन आहे. सचिन असू शकेल. फोन ज्याला सापडला किंवा विकला गेला तो असू शकेल. आधीच्या फसवणुकीच्या नोंदीमुळे यंत्रणेने आपणहून नाकारलं असंही होतं कधीकधी. कंपनीला विचारलंय कुठून उघडलं ते. वेळ लागेल. किती? सांगता येत नाही.

घरी भाऊजी थांबले होते. त्यांचं मत, चोर. “दादा असता तर उचलून फोन केला असता. न्हाई म्हनून बटन दाबलं नसतं.”

आई भाताच्या खाचरातून आल्या होत्या, विळा हातातच. त्यांना समजावून सांगायला वेळ लागला. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, “न्हाई म्हनला ना? म्हंजी हाय.” आणि चूल पेटवायला गेल्या.

आज त्या पोटभर जेवल्या. मी नाही.

२ नोव्हेंबर, रवि
तो असेल तर त्याने माझं नाव वाचलं. विनंती कुणाची, ते लिहिलेलं असतं वर. मनीषा. पत्नी. वाचलं, आणि नाकारलं.

बारा वर्षं. त्याला झोप लागत नसे तेव्हा त्याच्याबरोबर मळ्यात फेऱ्या मारल्या मी. डॉक्टरकडे मी नेलं. गोळ्यांच्या वेळा मी सांभाळल्या. एक बटण दाबून नाही?

आणि दुसरीकडे हे की तो जिवंत असावा म्हणून मला तो असाच हवाय. नाकारणारा. चोर नको, यंत्र नको.

भाऊजी म्हणतात, त्यांच्या नावाने नवीन खातं काढू, पुन्हा फोटो टाकू, यावेळी आजाराचं लिहायचं नाही. मी थांबा म्हटलं. त्याला सापडायचंच नसेल तर त्याचा चेहरा असा गावोगाव फिरवायचा का. हे भाऊजींना नाही बोलले. ते ओरडले असते, आणि त्यांचं बरोबर असतं.

दिवसभर भात कापला. कंबर मोडली. बरं वाटलं.

४ नोव्हें., मंगळ
विनंती पुन्हा करता येते. एकदाच. यावेळी खाली एक चौकोन आहे, ‘कारण लिहा’. एकशेवीस अक्षरं. ते खातेधारकाला दिसतं.

आधी लिहिलं, जाहिरात खात्याचा ताबा मिळावा. पुसलं.

आई शेजारी येऊन बसल्या. “काय लिवती?” सांगितलं. जरा विचार करून म्हणाल्या, “लिव, भात कापून झाला. खोल्यांचं मनीषा बगती. तुला कुनी काय बोलनार न्हाई. कुनाचा राग न्हाई.”

लिहीत गेले. शेवटच्या वाक्यावर थांबले. आई वाट बघत होत्या. मी लिहिलं, ‘आईंचा राग नाही. माझा आहे. तरी नुसतं कळव.’ आईंना वाचून दाखवताना त्यांचंच वाक्य म्हटलं.

अकरा अक्षरं उरली. त्यांत काही बसलं नाही. पाठवलं.

‘आपली विनंती खातेधारकाकडे पोचली आहे.’

हे मात्र मोठ्याने वाचलं. तेव्हापासून आई तीनदा येऊन विचारून गेल्या, “पोचली म्हंजी कुटं पोचली?”