दचकण्याची शिकवणी

प्रिय भिंगरीस,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तुझ्या सरावाच्या जाड पॅडची शिवण उसवून मी ते आत सरकवलं आणि वरून पुन्हा टाके घातले. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आहेत, कुणाला पत्ता लागणार नाही. एकच टाका मुद्दाम लाल दोऱ्याचा ठेवलाय. सुटा दोरा दिसला की ओढायची तुझी लहानपणापासूनची खोड. त्या खोडीवर माझी सगळी भिस्त आहे. हे लिहिताना दार आतून लावून घेतलंय. जिन्यात पाऊल वाजलं की पेन थांबतं.

परवा तुझ्या म्हाताऱ्यांच्या स्वसंरक्षणाच्या वर्गात तू पाठीमागे पत्र्याचं झाकण आपटलंस आणि आम्ही आठही जण जागच्या जागी उडालो. आमच्यातल्या पोस्टमनने तर चष्माच भिरकावला. तू म्हणालीस, "काका, चोराला चष्मा कशाला देताय, हात दाखवा!" केवढे हसलो होतो. मग तू समजावलंस, की माणूस दचकला की हात आपोआप तोंडापुढे येतात, बोटं फाकतात, खांदे वर चढतात. त्यात लाज कसली? मूठ वळायला वेळ लागतो, विचार करायला त्याहून जास्त. दचकायला काहीच लागत नाही. तर ते आलेले हात मागे घेऊ नका, तसेच कोपरांसकट पुढे रेटा, समोरच्याला ढकला आणि पळा.

मला ते लगेच पटलं. कापायच्या यंत्राचं पातं एकदा अवचित खाली आलं होतं, तुझ्या जन्माच्या आधी. पुढ्यात शाळेच्या पुस्तकांची चळत होती, आणि मी वरच्या पानावरची पाचवीतली कविता मनातल्या मनात म्हणत तिसऱ्याच जगात होतो. हात आपला आपण मागे आला. आज दहा बोटं आहेत ती त्या दचकण्याची कृपा. तुझी आई म्हणायची, "कवितेनं घालवली असती, देवानं राखली."

ती कविता शिकवणाऱ्या मास्तरांबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. ओळ चुकली की त्यांचा उजवा हात चालायचा. पहिल्यांदा मी दचकलो, हात पुढे गेले. महिन्याभरात ते पुढे जाईनासे झाले. मास्तरांनी नुसता खडू खाली ठेवला, तरी माझा डावा हात कानावर जायचा, मान खाली, डोळे गच्च मिटलेले. कविता मला तरीही आवडत राहिल्या, याचं अजून नवल वाटतं. पण सांगायचं ते वेगळंच आहे. अनोळखी धोका आला की हात पुढे जातात. ओळखीचा मार आला की ते डोक्यावर जातात.

रविवारी तुम्ही दोघं जेवायला आलात. आमटी वाढून झाली होती, जावईबापू पाण्याच्या तांब्यासाठी तुझ्यासमोरून हात लांब करत होते. बस, एवढंच. आणि तुझा डावा हात कानावर गेला. मान खाली, डोळे मिटलेले. क्षणभरच. मग तू केस सारखे केल्यासारखं केलंस. ते म्हणाले, "बघा, आमच्या मास्तरीणबाई! जगाला शिकवतात आणि तांब्याला घाबरतात." आणि मी हसलो. भिंगरी, मी दात काढले. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि पोळी मोडायला लागलीस.

तेव्हापासून एकेक गोष्ट जागेवर बसत जाते. तू फोन उजव्या कानाला धरायला लागलीस, "सर्दीनं दडा बसलाय, बाबा" म्हणालीस. ती सर्दी सहा महिन्यांची झाली. फोनवर बोलताना मागे त्यांचा खाकरण्याचा आवाज येतो आणि तुझं वाक्य अर्ध्यात वळतं. म्हणून फोन केला नाही. आणि इतकी विद्या येत असून तू ती घरात का वापरत नाहीस, याचं उत्तरही मला त्या मास्तरांनी दिलंय. विद्या दचकणाऱ्याच्या कामाची. तू आता दचकत नाहीस गं, तू वाट बघतेस.

तर ऐक. मंगळवारी तुझा सकाळचा वर्ग अकराला सुटेल. हॉलच्या मागच्या दाराशी मी टॅक्सी घेऊन उभा असेन, सोबत पोस्टमन. त्याला एवढंच सांगितलंय की येताना नीट चष्मा लाव. घरी काही आणायला जाऊ नकोस. तुझी प्रमाणपत्रं मी बांधून दिली होती ती माझ्याच कपाटात आहेत. कानाच्या डॉक्टरांकडे आधी जाऊ. नंतर जावईबापू माझ्या दाराशी येतील, हे मला ठाऊक आहे, आणि मी भित्रा माणूस आहे, हे तुला ठाऊक आहे. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून तू शिकवलेला सराव करतो. दार वाजलं की मी दचकणारच. पण माझे हात अजून पुढे जातात, पोरी. मी बघितलंय.

हे वाचून फाडून टाक. लाल दोरा मात्र मनगटाला बांधून ये, म्हणजे लांबूनच कळेल की तुला मिळालं.

तुझाच, रविवारी हसलेला,
बाबा