कोलशेतहून आलेली सहा चाकं

अहो,

काल कोलशेतचे सावंत येऊन गेले. तुम्ही ज्यांच्याकडे तुमच्या मॉडेल इंजिनाची सहा मोठी चाकं कातायला दिली होती, ते लेथवाले. चाकं तयार होती, घेऊन आले. मी नीट बोलले, चहा केला, आणि तरी आत काहीच हललं नाही. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगू हे?

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. मुली म्हणतात, आई, एकदा रडून घे. येत नाही हो! भाजी चिरते, गोळ्या घेते, इंजिनावरची धूळ पुसते.

तीन वर्षं ते आपल्या जेवणाच्या टेबलावर आहे. एडवर्ड राजाच्या वेळच्या विलायती वाफेच्या इंजिनाचं तुम्ही घडवलेलं मॉडेल, 'स्टार' क्लास. हातभर लांब, पितळी पत्र्याचं, हिरवं, चिमणीला तांब्याचं कडं. "चार सिलिंडर, सुमन! बघ तरी!" म्हणायचात. मी कधी नीट बघितलं का? ताट मांडीवर घेऊन जेवायचे आणि धुसफुसायचे.

त्या दुपारी सावंतांकडे जायला तुम्ही चपला घालत होतात. मी म्हटलं, "एकदाचं संपवा आणि टेबल मोकळं करा." तेच शेवटचं बोलणं. परत येताना माजिवड्याला, रिक्षातच... रिक्षावाल्याला म्हणालात, सकाळपासून छातीत दुखतंय. मला का नाही सांगितलंत? एवढी कसली घाई होती?

ती काल कळली. सावंत म्हणाले, "काकी, काका त्या दिवशी एकदम खुशीत आलेले. बोलले, चाकं लवकर दे, गणपतीच्या आधी बायकोला टेबल परत द्यायचंय."

मी "हो का" म्हटलं.

मग सावंतांनीच चाकं बसवली. मी इंजिन धरून उभी. केवढं जड आहे हो! रुळाच्या तुकड्यावर ठेवून हलकेच ढकललं, तर कुठेही न अडता टोकापर्यंत गेलं. सावंतांनी डोळे पुसले. मी कपबश्या उचलल्या.

कल्याणच्या एका शाळेत मॉडेलांचं प्रदर्शन आहे. तुम्ही फॉर्म भरून ठेवला होतात, तो सापडला. इंजिन घेऊन मी जाणार. दिवसभर त्याच्यापाशी उभी राहणार. कोणी केलं असं विचारलं, तर "ह्यांनी" म्हणून वेळ मारून नेणार नाही. पन्नास वर्षांत उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही, ते तुमचं नाव घेईन. आडनावासकट. मोठ्याने.

तुमची,
सुमन