पेल्यातलं पिल्लू

आई, पेल्यातल्या त्या पिल्लाबद्दल तुला एकदा खरं सांगायचं होतं. तू होतीस तेव्हा जमलं नाही. नववीत होते मी. विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी सांगितलं होतं, अंडं कवचाबाहेर काढून पेल्यात वाढवायचं, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांनी दिसतं. दुकानातलं अंडं चालणार नव्हतं, कोंबड्याबरोबर फिरणाऱ्या गावठी कोंबडीचंच हवं. मग दहिसरच्या मावशीच्या खुडूक कोंबडीखालून तीन दिवस उबवलेलं अंडं तूच आणलंस, शालीत गुंडाळून, पोटाशी धरून. आणि कांदिवलीच्या आपल्या खोलीत मी ते ओट्यावर टचकन फोडून पेल्यात बसवलेल्या प्लॅस्टिकवर सोडलं, तेव्हा किंचाळलीस, "अगो, जीव आसा तो! असो उघड्यार टाकलंस?"

उघड्यावर कुठे गं, वरून झाकलेलं होतं, खोक्यात बल्ब होता, थर्मामीटर होता. पण तू ऐकशील तर शपथ! फोडणी करपायची आणि तू खोक्यात वाकलेली. पिवळ्या बलकावर लाल दोऱ्यांचं जाळं, मधोमध मोहरीएवढा ठिपका, सारखा उडणारा. मला आनंद, तुला धास्ती. "थांबलो तर गो?" दर अर्ध्या तासाने हेच. मी वैतागायचे. माझ्याआधीची तुझी दोन बाळं राहिली नव्हती, हे मला माहीत होतं. पण चौदाव्या वर्षी एवढी अक्कल कुणाला असते?

रविवारी दुपारी लाइट गेली. मी शाळेत तक्ते रंगवत होते. संध्याकाळी येऊन बघते तर तू खोक्याशी बसलेली, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेल्याभोवती लावलेल्या, स्वतः घामाने निथळतेयस. बोलू नको, अशी बोटाने खूण केलीस. ठिपका चालू होता. काळा डोळासुद्धा उमटला होता. मग लाइट आली आणि तू रडायलाच लागलीस.

सोमवारी तू नळावर गेलीस आणि मी पेला उचलून शाळेत नेला. पाचव्या दिवसाचा नमुना बरणीत हवा, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. तुला मी ते सांगितलंच नव्हतं. नमुना टिकवायचं फॉर्मलिन मीच ओतलं. ठिपका लगेच थांबला नाही. घरी येऊन म्हटलं, "सकाळीच बंद पडलं होतं." मला वाटलं, चिडशील, दोन दिवस बोलणार नाहीस. तू नुसती स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस. "काल माझो डोळो लागलो वायच. माझ्या हाताकच यश नाय गो."

तिथेच सांगायला हवं होतं. पण पहिलं बक्षीस मिळालं आणि मी गप्प बसले. पुढे माझी मुलगी झाली. हॉस्पिटलात तिला तुझ्यापुढे धरलं, तर तू दोन पावलं मागे सरकलीस. "आधी विहीणबाईंका दी. माझ्या हाताक यश नाय." सासूबाई हसल्या, त्यांना गंमत वाटली. आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. कसली भित्री गं मी!

हे कागद तुझ्या त्या शालीच्या घडीत ठेवणार आहे, दुसरं कुठे पाठवू? आई, ते सोमवारी जिवंत होतं. आणि रविवारी मी आले ना, तेव्हा तुझ्या बाटलीला हात लावून बघितला होता. चांगली गरम होती.