ससोबाला आवाज सोसत नाही

४ जून

ती. आईस,
शि. सा. न.

तू नातवाला बघायला येणार म्हणून आनंद आहेच, पण आधी घराचे नियम कळवते. राग मानू नकोस. बाळ फार भित्रं निघालंय. नावच ससोबा पडलंय. चमचा पडला तरी दचकतो, ओठ काढतो, आणि मग तासभर आवरत नाही. म्हणून दाराची घंटा काढली, नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, कुकर माळ्यावर गेला. आम्ही दोघं खुणांनी बोलतो. काल ह्यांनी मीठ मागितलं, मला वाटलं डोकं दुखतंय, मी बाम आणून दिला.

आता उरलं ह्यांचं दुकान, बाळ झाल्यापासून बंद ठेवलेलं. पुढच्या खोलीत दिवसभर पत्रा ठोकत बसायचं आणि मागच्या खोलीत असं नाजूक पोर, कसं जमायचं? मी सांगितलंय, गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शेड मिळतेय, तिथेच बादल्या ठोका, तिथेच झोपा, रविवारी घरी या. हे म्हणतात पोरगा भित्रा नाही, लक्ष देऊन ऐकतो. बापाला काय जातंय म्हणायला! पण शेवटी खाली मान घालून बरं म्हणाले. तेव्हापासून जेवण कमी झालंय त्यांचं.

माझं काही चुकत असेल तर सांग. चुकत नसेल तर तेही सांग.

तुझ्या मायेची भुकेली,
ठकू

११ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

वाचनालयातून मुलांच्या स्वभावावरचं एक जाड पुस्तक आणलंय. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते. त्यात म्हटलंय की मूल थोडा स्वभाव घेऊन येतं, पण आईबाप त्याला जसं समजतात तसं वागवतात, आणि ते हळूहळू तसंच होत जातं. पुस्तकातलं सगळंच खरं मानणारी मी नव्हे. त्यातच तान्ह्या मुलाच्या आईने दुपारी विश्रांती घ्यावी असंही लिहिलंय.

तू तान्ही असताना मी म्हणायचे पोरगी रडूबाई आहे, तुझे बाबा म्हणायचे गाते आहे. भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला. तुला भूक लागलेली असायची, एवढंच.

जावईबापूंना एवढ्यात घराबाहेर काढू नकोस. रविवारचा बाप म्हणजे पाहुणा. पोर त्याच्याकडे बघून लाजेल. रोजचं माणूस घरातून गेलं की घराचं काय होतं, ते मला विचार.

सुखी राहा, आणि थोडं मोठ्याने बोल.

तुझी,
आई

२८ जून

ती. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं तेव्हा शेड ठरून गेली होती, शनिवारी हातगाडीही सांगितली होती. शुक्रवारी मला सणकून ताप. ह्यांच्या काही बादल्या पुऱ्या व्हायच्या होत्या. बाळाला कुठे ठेवणार? नेलं दुकानात, पोत्यांच्या ढिगावर निजवलं. आवाज नको म्हणून ह्यांनी हातोडीला स्वतःचा मोजा चढवला. तिसऱ्या घावाला मोजा फाटला आणि पत्रा असा खणखणला की मी आत ताडकन उठून बसले.

ससोबा? ढाराढूर! हे चहा प्यायला थांबले, तर त्याने ओठ काढला. हातोडी सुरू झाली, झोपला. चहा उचलला, भोकाड. मी तापातच भांडायला गेले, तर हे एका हातात कप धरून, पुरी झालेली बादलीच ठोकत बसलेले.

मग डोक्यात उजेड पडला. पोटुशी असताना मी त्याच दुकानात बसून डब्यांना झाकणं बसवायची. त्याला ठाऊक असलेलं घर तेच! आणि जन्मल्याबरोबर आम्ही त्याला मुक्यांच्या घरात आणून टाकलं. चमच्याचं निमित्त गं, तो आधीच कावलेला असायचा.

हातगाडीवाल्याला परत पाठवलं. तो बरंच बोलून गेला. हे तेव्हापासून नुसती शीळ घालतात.

आता माझं मत पक्कं झालंय. हा जबरदस्त धीट आहे, बापाचं दुकान हाच चालवणार. वाघोबा म्हणतो आम्ही.

लोभ पातळ करू नकोस,
ठकू

५ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

जावईबापू घरी राहिले, जीव भांड्यात पडला. पण ससा झाला, वाघ झाला, पुढच्या महिन्यात काय करणार? त्याला जरा नुसताच राहू दे. तो कोण आहे ते त्यालाही अजून माहीत नाही.

एक सांगते. तुझे बाबा घोरायचे, जन्मभर त्यावरून मी त्यांना बोलले. ते गेल्यावर मला झोप येईना. लोक म्हणाले दुःखाने. दुःख होतंच, आहेच. पण खोलीतला आवाज गेला होता, ही गोष्ट कुणाला सांगणार? ऐकणारा हसला असता. तुझ्या पोराला सांगितलं तर त्याला कळेल.

पंधरवड्यात निघते. जावईबापूंना म्हणावं, माझी खाट दुकानाच्या भिंतीला लागून टाका, आणि दुपारी माझा डोळा लागला म्हणून हात थांबवू नका.

तुम्हा तिघांची,
आई